शिरवळला विझलेला दिवा कात्रजलाच फडफडत होता

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. वय ३४, वजन ७२ किलो, दिवसभर संगणकासमोरची नोकरी. ऑक्टोबरात पहिली २०० किलोमीटरची बीआरएम केलीत, म्हणजे ठरलेल्या मुदतीत पूर्ण करायची लांब पल्ल्याची सायकल राइड, जिला ब्रेव्हेही म्हणतात. पुणे, सुरूर फाटा, वाई, पाचगणी आणि त्याच रस्त्याने परत. सकाळी सहाला सुटलात आणि पावणेअकराला पाचगणीच्या कंट्रोलवर (वाटेतल्या तपासणीच्या थांब्यावर) पोचलात. परतताना पसरणी घाटातच मळमळायला लागलं. शिरवळला हातपाय गळाले, टपरीच्या बाकड्यावर चाळीस मिनिटं आडवे झालात आणि संध्याकाळी सात वाजून पाच मिनिटांनी ब्रेव्हे कार्ड जमा केलंत. आता डिसेंबरात ३०० आणि जानेवारीत मुंबईची पूर्ण मॅरेथॉन करायची आहे. तुम्ही विचारताय, "स्टॅमिना कमी पडतोय, व्यायाम किती वाढवू? आणि जेल (पाकिटातली घट्ट, गोड चाटणासारखी साखर) कोणती घेऊ?"

आधी अभिनंदन. साडेतेरा तासांच्या मुदतीत पंचवीस मिनिटं राखून पहिली २०० पूर्ण झाली, तीही पोट बिघडलेलं असताना. माझ्या पहिल्या ३०० ला मी रात्री साडेनऊला एका ढाब्यामागे ओकत होते आणि ती राइड तिथेच सोडली होती. मी आहारतज्ज्ञ आहे, बारा वर्षं ब्रेव्हे करतेय, तरी त्या दिवशी भूक लागली म्हणून लोणी तरंगणारी पावभाजी हाणली होती. तेव्हा पुढचं बोलणं उपदेश म्हणून घेऊ नका.

तुम्हीच दिलेल्या वेळा पुन्हा बघा. जायला पावणेपाच तास, यायला आठ तास वीस मिनिटं. पाचगणी पुण्यापेक्षा सातशे मीटरच्या आसपास उंच आहे, म्हणजे चढाचा मोठा वाटा जाताना आणि उतार येताना. तरी परतीला साडेतीन तास जास्त लागले. ज्याच्यात दमच नाही तो घाट चढतानाच मागे पडतो, आणि तुम्ही तर तिथे वेगवान गटाबरोबर होतात. दम होता, पण तो पहिल्या पाच तासांत उधळला गेला आणि त्या वेळात भरपाई जवळजवळ शून्य झाली. शिरवळ हे फक्त बिल येण्याचं ठिकाण होतं.

त्या पाच तासांत काय खाल्लंत ते तुम्हीच लिहिलंय. निघताना चहा आणि दोन ग्लुकोज बिस्किटं, सुरूर फाट्यावर एक केळं, बाकी साधं पाणी. हिशोब मांडू. एका बिस्किटात चार-साडेचार ग्रॅम कर्बोदकं, साखरेच्या चहात दहाएक, मध्यम केळ्यात बावीस-पंचवीस. सगळं मिळून चाळीस-पंचेचाळीस ग्रॅम. त्या वेगाने चालवताना तासाला पन्नास-साठ ग्रॅम हवे होते, म्हणजे पाचगणीपर्यंत अडीचशेच्या आसपास. घेतलंत त्याचा सहावा हिस्सा.

शरीरात साठा किती असतो? स्नायूंत चारशे-पाचशे ग्रॅम ग्लायकोजेन, म्हणजे साठवलेली साखर, आणि यकृतात ऐंशी ते शंभर. सगळं धरून साधारण दोन हजार कॅलरी. चरबी भरपूर असते, पण तिचं ज्वलन संथ. जोरात चढ घेताना शरीर साखरच मागतं. त्यात यकृताचा साठा रात्रभर मेंदू वापरत असतो, त्यामुळे पहाटे उठता तेव्हाच ती टाकी बरीच उतरलेली असते. ती दोन बिस्किटांनी भरत नाही. मग कात्रजचा घाट गटाबरोबर दणकून, खंबाटकी दणकून, पसरणी दणकून. १५० व्या किलोमीटरला पायांत ताकद नाही, डोकं बधिर, चिडचिड, थंड घाम, ही सगळी साखर संपल्याची लक्षणं.

आता पोटाकडे येऊ, कारण खरी मेख तिथे आहे. पाचगणीला तुम्ही मिसळपाव, ताक आणि मोठा ग्लास मिल्कशेक घेतलात. भूक कडाडून लागली असणार, त्यामुळे हात आखडता घ्या म्हणणं सोपं आणि पाळणं कठीण. पण शरीराच्या बाजूने बघा. ऑक्टोबरची उष्णता, नुकताच चढलेला घाट. रक्त पायांकडे आणि अंग थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे पळालेलं असतं, आतड्यांच्या वाट्याला थोडंच उरतं. अशा वेळी तर्रीचं तेल आणि दूध वरून पडलं की जठर रिकामं व्हायला फार वेळ लागतो. अन्न तिथेच डुचमळत राहतं. पसरणीच्या वळणांवर वाकून हँडल धरलेलं, पोट दाबलेलं. मळमळ होणारच. मग काही खाववत नाही, म्हणून आधीच रिकामी झालेली टाकी आणखी रिकामी होते. पोट बिघडलं म्हणून खाणं थांबलं हे तुम्हाला दिसलं. खाणं आधी थांबलं होतं म्हणून एकदम एवढं खावं लागलं आणि पोट बिघडलं, हे तुमच्या लिहिण्यात आलेलं नाही.

त्यानंतर शिरवळपर्यंत तुम्ही ओआरएसवर होतात, "एनर्जीसाठी". हा गैरसमज इतका पसरलाय की यावर थोडं थांबते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राप्रमाणे बनवलेल्या ओआरएसमध्ये एका लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. चोपन्न कॅलरी. अर्ध्या केळ्याइतकं. ते जुलाबात गेलेलं पाणी आणि क्षार भरून काढायला बनवलंय, त्यात मीठ भरपूर आणि साखर फक्त ते मीठ-पाणी आत ओढून घेण्यापुरती. शिवाय एका लिटरचं पाकीट तुम्ही ७५० मिलीच्या बाटलीत टाकलंत. ते आणखी खारट झालं आणि मळमळत्या पोटाला तेच नकोसं झालं. ओआरएस जरूर जवळ ठेवा, पण ते जेवण नाही.

बाटलीत मी काय घालते ते सांगते. ७५० मिली पाण्यात सपाट तीन मोठे चमचे साखर, पाव चहाचा चमचा मीठ, एक लिंबू. पस्तीस-चाळीस ग्रॅम साखर होते, चव बेताची गोड, पोटाला जड नाही. उन्हाळ्यात लिंबाऐवजी कोकमाचं आगळ घालते. आगळात मीठ आधीच असतं, तेव्हा वरून मीठ घालायचं नाही किंवा चिमूटभरच. साध्या साखरेला नाक मुरडू नका. तिचा अर्धा भाग ग्लुकोज आणि अर्धा फ्रुक्टोज. आतड्यात दोघांचे दरवाजे वेगवेगळे. नुसतं ग्लुकोज तासाला साठेक ग्रॅमच्या पुढे आत घेतलं जात नाही, फ्रुक्टोज सोबत असेल तर सवय झालेलं पोट नव्वदपर्यंत जाऊ शकतं. महागड्या पावडरींच्या पाकिटावर जे तंत्र अभिमानाने छापलेलं असतं, ते गूळ-पोळीत आजीच्या काळापासून आहे. पोळीच्या पिठातून ग्लुकोज, गुळातून दोन्ही.

माझ्या हँडलच्या पिशवीत हे असतं: गूळ लावून गुंडाळलेल्या पोळ्या, प्रत्येकीचे चार तुकडे (एका पोळीत तीसेक ग्रॅम कर्बोदकं धरा, तूप नावालाच), मीठ चोळलेले छोटे उकडलेले बटाटे, बिया काढलेला खजूर, साध्या खजुराच्या एका दाण्याला सहा-सात ग्रॅम, दोन केळी. शेंगदाण्याची चिक्की चांगली, पण दाण्यांत तेल असतं, म्हणून ती सपाटीवर खाते, घाटाच्या पायथ्याशी नाही. राजगिऱ्याची वडी त्या मानाने हलकी. गंमत म्हणजे साबुदाणा, राजगिरा, बटाटा, केळं, खजूर, म्हणजे आपल्या उपवासाच्या फराळात सायकलवाल्याचं जवळजवळ सगळं सामान आलं. फक्त खिचडीतलं तूप आणि दाण्याचं कूट कमी करायचं.

आणि घड्याळ. मी वीस मिनिटांचा गजर लावते. वाजला की एक घास आणि दोन-तीन घोट. भूक असो वा नसो. पहिला गजर सहा वीसला वाजतो तेव्हा हसू येतं, कारण आत्ताच तर नाश्ता झालाय. तो घास सर्वांत मोलाचा, कारण पोट तेव्हा ताजं असतं, ऊन नसतं आणि घेतलेलं सगळं आत जातं. भुकेवर विसंबलात तर उशीर होतो. नाश्त्याचं म्हणाल तर सुटण्याआधी दोन तास मऊ भात-साखर, उपमा किंवा जॅम-पाव, साठ-सत्तर ग्रॅम कर्बोदकं होतील इतकं. चार वाजता उठवत नसेल तर उठल्यावर थोडं खा आणि पहिल्या तासात जास्त खा.

पाणी किती, याला एक आकडा देणारा माणूस मला भेटला की मी सावध होते. हे माणसागणिक आणि दिवसागणिक बदलतं. स्वतःचं मोजा. एक तासाच्या राइडआधी आणि नंतर अंग पुसून कमीत कमी कपड्यांत वजन करा. जितकं कमी झालं, अधिक जितकं प्यायलात, तितका तुमचा तासाचा घाम. किलोला लिटर. हे थंडीत एकदा आणि उकाड्यात एकदा करा, फरक बघून चकित व्हाल. सगळं भरून काढायचं नसतं, थोडी तूट चालते. वजन वाढलं तर मात्र धोका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, त्यात १३ टक्के लोकांचं सोडियम सामान्य पातळीखाली गेलेलं आढळलं आणि सर्वांत ठळक कारण होतं धावताना वाढलेलं वजन, म्हणजे गरजेपेक्षा जास्त पाणी. तुम्ही साडेचार तास धावणार आहात. वाटेतल्या प्रत्येक टेबलावर ग्लास रिकामा करायचा हा हट्ट धरू नका, तहानेचं ऐका.

घामातलं मीठही सारखं नसतं. काळ्या टीशर्टवर पांढरे नकाशे उमटत असतील तर तुमचा घाम खारट, बाटलीत मीठ थोडं वाढवा.

गुडघ्यासाठी शिरवळला पेनकिलर घेतलीत असं शेवटी ओझरतं लिहिलंय. हे पुन्हा करू नका. शरीरात पाणी कमी असताना आयबुप्रोफेनच्या जातीच्या गोळ्या मूत्रपिंडांवर ताण आणतात आणि आधीच चिडलेल्या जठरालाही सोसत नाहीत. गुडघा दुखला तर सीटची उंची बघा, वरचा गिअर सोडा, नाहीच जमलं तर थांबा. आणि मधुमेह, रक्तदाब किंवा त्यावरचं औषध असेल तर माझे इथले आकडे बाजूला ठेवून आधी तुमच्या डॉक्टरांशी बोला.

आता व्यायाम. आठवड्यात पाच दिवस काही ना काही करता, पण सगळं "मध्यम-जोरात". यात बहुतेक जण अडकतात. तास वाढवण्याआधी वेग उतरवा. माझी कसोटी घरगुती आहे. चालवताना सतराचा पाढा सलग मोठ्याने म्हणता आला पाहिजे. दोन ओळींत धाप लागली तर वेग जास्त. आठवड्यातला बहुतेक वेळ या पाढ्याच्या वेगात, आणि एकच दिवस घाटावर दणकून. बीआरएमच्या दिवशी कात्रज चढतानाही पाढा चालू राहिला पाहिजे. गट पुढे गेला तर जाऊ दे. पोटाचं काम नीट चालण्यासाठीही हाच वेग लागतो. आहार आणि वेग हे दोन वेगळे विषय आहेत असं मी पूर्वी समजायचे. आता कुणी "मला खाल्लेलं पचत नाही" म्हणालं की आधी त्याचा घाटातला वेग विचारते.

पोटालाही सराव द्यावा लागतो. रविवारच्या लांब राइडला तासाला तीस ग्रॅमपासून सुरुवात करा आणि सहा-आठ आठवड्यांत साठपर्यंत न्या. पहिल्या दोन वेळा फुगल्यासारखं होईल. नंतर होत नाही. उपाशीपोटी राइड करून चरबी जाळायची का, असंही विचारलंत. तासाभराच्या संथ राइडला चहा पिऊन गेलात तर काही बिघडत नाही. लांब राइड उपाशी करणं म्हणजे ज्या दिवशी खाण्याचा सराव करायचा, नेमका तोच दिवस वाया घालवणं.

३०० ला वीस तास मिळतात. म्हणजे रात्र आली. दहा-बारा तासांनंतर गोडाची शिसारी येते, हे गृहीत धरूनच निघा. तिथे खारट आणि मऊ चालतं: इडली, दहीभात, ढाब्यावर साधं वरण-भात. तडका नको असं दोनदा सांगा, एकदा सांगून येतोच. बसून जेवायचं झालं तर अर्धं ताट खा आणि उरलेलं पुढच्या तासात पिशवीतून. सकाळचा चहा एकच घ्या. बाकीचे रात्रीसाठी राखा, डोळे मिटायला लागतात तेव्हा कॅफिनचा उपयोग कळतो.

मॅरेथॉनचं गणित वेगळं, आणि इथे सायकलवाले हमखास फसतात. धावताना पोट हलतं, त्यामुळे सायकलवर सहज जाणारी गूळ-पोळी आणि बटाटे तिथे वर येतात. धावताना पातळ किंवा अगदी मऊ घ्या, तासाला चाळीस ग्रॅमपासून. इथे जेलला अर्थ आहे. एका पाकिटात साधारण वीस-पंचवीस ग्रॅम असतात, पाण्याबरोबर घ्यायची, सहाव्या-सातव्या किलोमीटरपासून, आणि लांब पल्ल्याच्या सरावात आधी चार वेळा घेऊन बघितलेलीच. कोणत्या कंपनीची? जी तुमच्या पोटाला मानवते ती. आदल्या दोन दिवसांत भात, पोळी, बटाटा वाढवा, कोशिंबिरी आणि उसळी कमी करा. वजन किलोभर वाढेल. ते साठलेल्या साखरेसोबतचं पाणी असतं, घाबरून उपास करू नका. आणि मुंबईची हवा दमट. पुण्याच्या थंडीतला तुमचा अर्ध्या मॅरेथॉनचा वेग तिथे धरलात तर उत्तरार्धात पेडर रोडच्या चढावर शिरवळची आठवण येईल.

दोन्ही होईल का? ३०० डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात असेल आणि तुम्ही सध्या आठवड्याला निदान तीस किलोमीटर धावत असाल तर होईल. धावणं त्याहून कमी असेल तर मी या वर्षी अर्धीच धावा म्हणेन. सायकलने हृदय आणि फुप्फुसं तयार होतात, पण पोटरी, टाच आणि नडगीच्या हाडाला रस्त्याचा मार खायची सवय सायकल लावत नाही. दम शाबूत असतो म्हणून माणूस पळत सुटतो आणि नडगी धरून बसतो. ३०० नंतर पाच-सहा दिवस धावू नका. त्यानंतर सर्वांत लांब धाव तीस-बत्तीस किलोमीटरची, शर्यतीच्या तीन आठवडे आधी, आणि मग सराव हळूहळू कमी.

येत्या रविवारी असं करा. पहाटे पुण्याहून खंबाटकीच्या पायथ्यापर्यंत जा आणि परत या. खाणं गजरावर, कात्रजला पाढा, खिशात मिसळीचे पैसे नकोत. जाताना आणि येतानाचा वेळ, काय काय खाल्लं आणि सुटतानाचं व घरी पोचल्यावरचं वजन लिहून मला कळवा. त्यावरून ३०० साठी बाटलीत किती मीठ आणि तासाला किती ग्रॅम ते नक्की करू.